डोंगरी कापड आणि इंग्रजी ‘डंगरी’

इंग्रजीत ‘डंगरी’ हा शब्द जाड्याभरड्या, बहुधा निळ्या सुती कापडासाठी वापरला जातो आणि ‘डंगरीज’ हे त्याचे अनेकवचन त्या कापडाच्या कपड्यासाठी. मात्र तो कपडा नेमका कोणता, याविषयी इंग्रजी बोलणाऱ्या दोन मोठ्या समाजांत एकवाक्यता नाही. ब्रिटनमध्ये डंगरीज म्हणजे छाती झाकणारा चौकोनी तुकडा आणि खांद्यांवरून जाणारे दोन पट्टे असलेली सैल विजार, तर अमेरिकेत विसाव्या शतकात या शब्दाने साधी निळी विजार ओळखली जाई, म्हणजे पुढे जगभर जीन्स या नावाने माहीत झालेली. कपड्यासाठी हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळू लागला, आणि त्याआधी अडीचशे वर्षे हा शब्द केवळ कापडाचा होता. तोही हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघणाऱ्या, व्यापाऱ्यांच्या याद्यांत शेवटच्या ओळींत येणाऱ्या एका हलक्या मालाचा.

या शब्दाच्या मुळाविषयी आज जे सर्वत्र सांगितले जाते ते थोडक्यात असे, की मुंबईच्या डोंगरी भागात हे कापड विकले जाई, युरोपीय खलाशांनी ते तेथे घेतले आणि भागाचे नाव कापडाला चिकटले. मराठी वाचकाला डोंगरी ठाऊक असते ती बहुधा तुरुंगामुळे, कारण कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळक आणि आगरकर तेथे १०१ दिवस कैदेत होते आणि त्यावर आगरकरांनी पुस्तकही लिहिले. त्याच डोंगरीचे नाव जगभरच्या कामगारांच्या विजारीवर आहे, हे ऐकून अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कालक्रम पाहिला की ही कथा जशी सांगितली जाते तशी टिकत नाही, आणि ती का टिकत नाही हे पाहताना कापडांना नावे कशी मिळत गेली याचा बराच उलगडा होतो.

या कथेचा लेखी आधार मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात आहे. जेम्स मोल्सवर्थ याने कँडी बंधू आणि मराठी शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने केलेल्या या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये आणि सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. त्यात ‘डोंगरी कापड’ अशी नोंद असून तिचा आशय असा, की मुंबईच्या डोंगरी किल्ल्यालगतच्या वस्तीत विकल्या जाणाऱ्या साध्या देशी कापडाला मुळात हे नाव होते, पुढे ते कोणत्याही हलक्या व स्वस्त सुती कापडाला लावले जाऊ लागले, आणि इंग्रजी शब्द हा त्याचाच अपभ्रंश आहे. नोंदीतला डोंगरी किल्ला म्हणजे इंग्रजांचा फोर्ट जॉर्ज. मुंबईच्या तटबंदीची उत्तर बाजू भक्कम करण्यासाठी तो १७६९ मध्ये जुन्या डोंगरी किल्ल्याच्या जागी बांधला गेला होता. गंमत अशी, की हिंदुस्थानी मुळाच्या इंग्रजी शब्दांचा प्रसिद्ध कोश, म्हणजे यूल आणि बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’, १८८६ साली प्रसिद्ध झाला तेव्हा हा शब्द आपल्या माहितीच्या कोणत्याही कोशात नाही, असे त्याच्या कर्त्यांनी लिहून टाकले. मोल्सवर्थचा कोश तेव्हा अर्धशतक जुना झाला होता. विल्यम क्रूकने १९०३ च्या आवृत्तीत भर घातली तेव्हा कोठे मराठी नोंद इंग्रजी अभ्यासकांपुढे आली, आणि तेव्हापासून डोंगरीची व्युत्पत्ती कोशाकोशांतून चालत राहिली आहे.

मोल्सवर्थची नोंद आपल्या काळापुरती विश्वासार्ह मानायला हरकत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईकराला ‘डोंगरी कापड’ म्हटल्यावर डोंगरीचा बाजार आठवत होता, एवढे तिच्यावरून निश्चित होते. अडचण आहे ती शब्दाच्या वयाची. ईस्ट इंडिया कंपनीच्या आठव्या सफरीचा प्रमुख जॉन सॅरिस १६१३ साली मोलुक्का बेटांत लवंगा मिळवण्याच्या खटपटीत होता (त्याच्या जहाजाचे नावही ‘लवंग’ या अर्थाचेच होते), आणि कोणत्या कापडाला तेथे किती लवंगा मिळतात याची त्याने केलेली यादी पर्चासच्या १६२५ मध्ये छापलेल्या प्रवाससंग्रहात आली आहे. त्या यादीत ‘डोंगेरीन’ असे एक कापड आढळते. १६१३ मध्ये मुंबई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. इंग्रज राजाला ती आंदण म्हणून देण्याचा तह १६६१ चा, कंपनीकडे ती आली १६६८ मध्ये, आणि फोर्ट जॉर्ज तर त्यानंतर शंभर वर्षांनी उभा राहिला. त्या काळच्या मुंबई बेटांवर कोळ्यांचे पाडे, नारळीच्या वाड्या आणि मिठागरे होती. दूरदेशीच्या व्यापाऱ्यांनी कापडाला जिचे नाव द्यावे अशी पेठ नव्हती. कंपनीच्या हाती बेट आल्यावरसुद्धा गव्हर्नर ऑंजियरच्या काळात चौलकडचे विणकर तेथे आणून वसवण्याचे प्रयत्न करावे लागले, यावरूनच मुंबईची तोवरची स्थिती कळते.

तेव्हा फोर्ट जॉर्जच्या शेजारच्या बाजारावरून नाव पडले हे अक्षरशः खरे असू शकत नाही. मग उरतात दोन वाटा. डोंगरी म्हणजे लहान डोंगर, हे मोल्सवर्थही सांगतो, आणि या नावाची गावे व वाड्या कोकणपट्टीत अनेक आहेत. त्यांपैकी एखाद्या जुन्या ठिकाणावरून नाव पडले असावे, ही पहिली वाट. दुसरी अशी, की ‘डोंगरी’ हे विशेषण म्हणूनच कापडाला लागले असावे, म्हणजे बंदरात घाटावरून उतरलेले, डोंगराकडचे, गावठी कापड ते डोंगरी कापड. मराठीत डोंगरी हे विशेषण नागर नसलेल्या, रांगड्या गोष्टींना सहज लागते. यांतली दुसरी वाट प्रस्तुत लेखकाला अधिक संभवनीय वाटते, कारण पुढे पाहू त्याप्रमाणे सतराव्या शतकात हा माल मुंबईच्या दक्षिणेला घाटमाथ्याच्या प्रदेशातून येत होता. मुंबई वाढली, तिच्या डोंगरीलगत मांडवी आणि मशीद बंदराच्या बाजूला देशी मालाच्या पेठा बसल्या, आणि आधीपासून चालत आलेल्या नावाला जवळचे ठिकाण सापडले. व्युत्पत्तीच्या इतिहासात असे वारंवार घडते. ठिकाण मागाहून मिळते आणि मग ते मूळ मानले जाते.

हा माल कोठून येई याचा एक स्पष्ट पुरावा जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याच्या प्रवासवर्णनात आहे. १६७२ ते १६८१ या काळात हिंदुस्थान आणि इराणात फिरलेल्या फ्रायरचे पुस्तक १६९८ मध्ये निघाले. त्यात पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांचा माल सांगताना तो डंगरी आणि सर्वांत वजनदार मिरी यांसाठी कारवारचे नाव घेतो. कारवारला कंपनीची वखार होती आणि तिचे विणकर होते घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या हुबळीच्या मुलखात. तेथून तलम मलमल येई तसेच भरड निळे कापडही येई, आणि मुंबई इलाख्याच्या कानडा जिल्ह्याच्या गॅझेटियरने कारवारच्या जुन्या निर्यातीत या निळ्या कापडाची ‘डुंगरी’ म्हणूनच नोंद केली आहे. १६७३ मध्ये मराठ्यांच्या फौजेने हुबळी लुटली तेव्हा इंग्रजांचाही माल गेला आणि त्याच्या भरपाईची मागणी ते पुढे करत राहिले. मराठ्यांच्या इतिहासात हुबळीची लूट येते ती मोहिमेच्या ओघात. ती लूट एका भरभराटीच्या विणकरी मुलखाची होती आणि त्या मुलखाचे कापड समुद्रापार जात होते, हे तिथे सहसा सांगितले जात नाही.

या साऱ्यात विणकराचे गाव मात्र कापडाच्या नावात कोठेच आलेले नाही. हुबळीचे विणकर, त्यांना सूत पुरवणाऱ्या बाया, रंगारी यांच्यापैकी कोणाचाही पत्ता ‘डंगरी’ या शब्दातून लागत नाही. युरोपात गेलेल्या पूर्वेकडच्या कापडांपैकी अनेकांची हीच गत आहे. कॅलिकोला कालिकतचे नाव मिळाले, आणि ते कापड गुजरातेपासून चोळमंडलापर्यंत कोठेही विणलेले असले तरी इंग्रज त्याला कॅलिकोच म्हणत राहिला, कारण पोर्तुगीजांची जहाजे प्रथम लागली ती कालिकतला. मद्रास नावाच्या चौकड्याच्या कापडाचेही तसेच. गिऱ्हाइकाने माल जेथे उचलला तेथले, किंवा उचलताना दलालाने जे सांगितले ते, नाव होऊन बसे, आणि म्हणून अशा नावांवरून उत्पादनाचा नकाशा काढायला जाणे फसवे ठरते. त्यांच्यावरून काढता येतो तो जहाजांच्या थांब्यांचा आणि बाजारांचा नकाशा.

डंगरी हे कापड मुळात होते कसे, हेही जुन्या वर्णनांवरून बऱ्यापैकी सांगता येते. कापडात उभा पसरलेला धागा म्हणजे ताणा आणि त्यातून आडवा जाणारा तो बाणा. डंगरीत ताण्यात आणि बाण्यात दोन किंवा अधिक धागे एकत्र धरून ते एकाच धाग्याप्रमाणे विणले जात. मराठी-हिंदीत ‘दोसुती’ म्हणतात त्याच रचनेचा हा प्रकार. बारीक सूत कातण्याचे कौशल्य नसतानाही अशा रीतीने घट्ट आणि टिकाऊ कापड निघते, हा तिचा फायदा. त्यातले बरे कापड गोरगरिबांच्या अंगावर जाई आणि भरड असे ते देशी गलबतांच्या शिडांना व तंबूंना लागे. सगळीच डंगरी सारखी हलकी होती असेही नाही. सॅरिसच्या यादीत भडोचच्या ‘कंदकीन’ नावाच्या कापडाला सहा कॅटी लवंगा मिळतात (कॅटी हे त्या बेटांतले वजन), तर उत्तम डोंगेरीनला बारा. ताग्याची लांबी-रुंदी वेगळी असू शकते, म्हणून या आकड्यांवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. तरी ‘भिकार कापड’ हा कोशांतला शिक्का आरंभापासूनचा नव्हता, एवढे त्यातून दिसते.

निळा रंग या कापडाला का चिकटला याची कारणे साधी होती. नीळ सुती धाग्यावर बसवण्यासाठी तुरटीसारखे रंग पक्का करणारे द्रव्य लागत नाही, उकळावे लागत नाही. नीळ आंबवून तयार केलेल्या कुंडात कापड बुडवून हवेत धरले की रंग हवेतच खुलतो आणि उन्हापाण्याला चांगला टिकतो. शिवाय मळ लपतो, जो गुण कष्टाच्या कपड्यात इतर सर्व गुणांपेक्षा मोठा.

समुद्रावर हे कापड दोन रूपांनी गेले. पहिले व्यापारी मालाचे. मिलबर्नच्या १८१३ सालच्या पूर्वेकडील व्यापारावरच्या ग्रंथात जहाजाच्या एका टनाच्या जागेत डंगरीचे ४०० तागे मावतात असा हिशोब दिला आहे, त्यावरून हा नित्याचा, गठ्ठ्यांनी हलणारा माल होता हे उघड आहे. दुसरे रूप खलाशाच्या अंगावरच्या कपड्याचे. ब्रिटिश आरमारातल्या साध्या खलाशांना ठरलेला गणवेश १८५७ पर्यंत नव्हता. खलाशी बंदरात मिळेल ते घेई किंवा जहाजावरच्या साठ्यातून तयार कपडे विकत घेऊन त्याचे पैसे पगारातून वळते करी, आणि उष्ण समुद्रांत लोकरीपेक्षा स्वस्त सुती डंगरी सोयीची पडे. पुढे वाफेची जहाजे आली आणि काजळी, तेल व कोळसा यांत वावरणाऱ्या यंत्रघरातल्या माणसांनी तोच कपडा उचलला. खलाशांच्या बोलीत हा शब्द किती मुरला होता याचे एक मासलेवाईक उदाहरण लॉरेन्स ऑलिफंटने लॉर्ड एल्गिनच्या चीन-जपानच्या शिष्टाईवर १८५९ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात आहे. जपानच्या किनाऱ्यावर खऱ्या तोफखान्यांबरोबरच ताणलेल्या भरड कापडावर बुरूज आणि तोफांची तोंडे रंगवून उभे केलेले खोटे मोर्चेही होते, आणि इंग्रज खलाशांनी त्यांना ‘डंगरी किल्ले’ असे नाव ठेवले होते. मुंबईच्या डोंगरी किल्ल्यावरून कापडाला नाव पडले म्हणावे, तर इथे कापडावरून किल्ल्याला पडले.

दक्षिण गोलार्धात या शब्दाला वेगळीच छटा आली. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स या वसाहतीत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘डंगरी वसाहतकार’ असा वाक्प्रयोग होता. लहानशा जमिनीवर कसेबसे तगणाऱ्या, बायकापोरांसह स्वतःही हिंदुस्थानी निळ्या डंगरीचे कपडे घालणाऱ्या गरीब शेतकऱ्यांना तो लावत, आणि पीटर कनिंगहॅमने १८२७ मध्ये छापलेल्या आपल्या पुस्तकात त्याचा उगम असाच दिला आहे. शिक्षा भोगून सुटलेले कैदी या वर्गात पुष्कळ होते. पुढे १९१५ च्या नोव्हेंबरात क्वीन्सलँडमधल्या वॉरविक गावाहून ब्रिस्बेनपर्यंत सैन्यभरतीसाठी पायी निघालेल्या तुकडीला निळे कपडे दिले गेले म्हणून लोकांनी तिला ‘डंगरीज’ म्हटले. शंभर वर्षांपूर्वीचा हिणवण्याचा शब्द आता देशभक्तांच्या तुकडीचे नाव झाला होता.

डेनिम आणि जीन या दोन कापडांशी डंगरीची गल्लत नेहमी केली जाते, आणि ‘जीन्सचा जन्म डोंगरीत झाला’ अशी ठोकून दिलेली विधाने त्यातूनच निघतात. डेनिमचे नाव परंपरेने फ्रान्सच्या नीम शहराच्या सर्ज कापडावरून आणि जीनचे इटलीच्या जेनोवा बंदरावरून आले असे मानतात. डेनिमची वीण तिरपी असते, म्हणजे बाणा प्रत्येक ओळीत एक धागा सरकून जातो आणि कापडावर कर्णरेषा उमटतात. तिच्यात ताणा निळा आणि बाणा पांढरा, म्हणून उलटी बाजू फिकी दिसते. डंगरीची वीण सरळ. लेव्ही स्ट्राउस आणि जेकब डेव्हिस यांना तांब्याच्या रिव्हेटांनी खिसे भक्कम करण्याचे पेटंट २० मे १८७३ रोजी अमेरिकेत मिळाले, तेव्हा त्या विजारींना ते जीन्सही म्हणत नव्हते आणि डंगरीजही नाही. गल्लत झाली ती अमेरिकेच्या आरमारामुळे. तेथे १९०१ च्या नियमांनी डेनिमचा सदरा आणि विजार कामाचा वेष म्हणून मान्य केला, आणि तो डेनिमचा असूनही खलाशांच्या जुन्या सवयीने डंगरीज म्हणवला गेला. नौसैनिकांच्या मरीन दलाने १९४१ मध्ये घेतलेला हिरवट, माशाच्या काट्यासारख्या विणीचा वेषही दलाच्या बोलीत डंगरीजच होता. तो ना निळा, ना सरळ विणीचा. कापडाचे नाव कामाच्या वेषाचे नाव होऊन बसले की कापड बदलले तरी नावाला फरक पडत नाही. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात शेतीवर गेलेल्या स्त्रियांना पट्ट्यांच्या डंगरीज मिळाल्या, आणि पुढे १९७० च्या दशकात स्त्रीमुक्तीच्या चळवळीतल्या बायकांची खूण म्हणून त्यांची टवाळीही झाली.

खुद्द हिंदुस्थानात या कापडाचे काय झाले, याची एक झलक अनपेक्षित ठिकाणी सापडते. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांच्या कारकिर्दीत शहराचे जुने तट पाडायला सुरुवात झाली आणि त्या दशकातच फोर्ट जॉर्जही गेला. त्यांची मुलगी मेरी फ्रीअर हिने आपल्या आयेकडून, ॲना लिबेराता डिसूझा हिच्याकडून, ऐकलेल्या लोककथांचे पुस्तक १८६८ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच्या आरंभी ॲनाचे आत्मनिवेदन आहे आणि त्यात पूर्वीच्या स्वस्ताईची आठवण काढताना ती सांगते, की आता ज्या डंगरीला वाराला अर्धा रुपया पडतो तसली डंगरी तेव्हा रुपयाला वीस ते चाळीस वार मिळे. म्हणजे भाव दहा ते वीस पटींनी चढला होता. म्हाताऱ्या माणसांच्या स्वस्ताईच्या आठवणींत सूट धरावी लागते हे खरे, पण अमेरिकेच्या यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव कोठल्या कोठे नेले होते, मुंबईत त्यावर नशिबे घडली आणि मोडली होती, आणि त्या भरभराटीची दुसरी बाजू, म्हणजे गरिबाचे सर्वांत हलके कापडही त्याच्या हाताबाहेर जाणे, इतिहासाच्या पुस्तकांपेक्षा या आयेच्या तोंडून अधिक नेमकी कळते.

त्याच सुमारास कावसजी नानाभाई दावर यांच्या १८५४ च्या गिरणीपासून मुंबईत कापसाच्या गिरण्या आल्या होत्या, आणि लँकेशरच्या मालाने आधीच खिळखिळ्या केलेल्या हातमागाला आता घरातूनच स्पर्धा सुरू झाली. भरड कापड हे देशी गिरण्यांचे बलस्थान होते, कारण तलम कापडात मँचेस्टरशी टक्कर देणे जड जाई. त्यामुळे डंगरीही गिरणीत विणली जाऊ लागली. विसाव्या शतकातल्या सरकारी कापड-आकडेवारीत ‘खादी, डुंगरी किंवा खद्दर’ असा एकच गट आढळतो, आणि हे तिन्ही शब्द तेथे गिरणीच्या जाड्याभरड्या मालासाठी आहेत. गांधींच्या चळवळीने खादीला हातकताई आणि हातविणाईचा अर्थ दिल्यावर हा गोंधळ असह्य झाला; गिरणीचा माल खादी म्हणून खपवला जातो अशा तक्रारी वाढल्या आणि १९३४ मध्ये खद्दर या नावाच्या संरक्षणाचा कायदा झाला, ज्याने खादी आणि खद्दर ही नावे हाताने कातलेल्या व हाताने विणलेल्या कापडापुरती राखून ठेवली. गटातले तिसरे नाव कायद्यात आले नाही. डुंगरीच्या बाजूने बोलणारी चळवळ नव्हती, संस्था नव्हती, आणि तिचे हातमागाचे विणकर तोवर बहुतांशी अन्य धंद्यांत पांगले होते. कापड म्हणून ती मराठीतून हळूहळू नाहीशी झाली, आणि त्यानंतर लष्करात व कारखान्यांत अंगभर घालायच्या कामाच्या कपड्याला ‘डांगरी’ म्हणण्याचा प्रघात पडला तो इंग्रजीतून परत आलेल्या शब्दाचा. मोल्सवर्थच्या शास्त्र्यांनी नोंदवलेल्या डोंगरी कापडाशी त्याचा काही संबंध आहे, हे तो शब्द वापरणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते.